पार्लर शिकणाऱ्या मुलींनी आधी त्वचा शिकावी

दहावी-बारावीनंतर पार्लरचा कोर्स करणाऱ्या मुली आता आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. आय.टी.आय.मध्ये कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड आहे, शिवाय खाजगी क्लास गल्लोगल्ली निघाले आहेत. स्वतःच्या हाताने चार पैसे मिळवता येतात म्हणून आईवडीलही पोटाला चिमटा काढून फी भरतात. चांगली गोष्ट आहे. मात्र या मुलींशी बोलताना आम्हाला एक गोष्ट वारंवार आढळते. थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल यांत हात छान बसलेला असतो. पण शरीररचनेचा विषय काढला की "तो पेपरपुरता पाठ केला होता" किंवा "आमच्या क्लासमध्ये तो घेतलाच नाही" असे उत्तर येते. विज्ञान आपल्याला झेपणार नाही, अशी भीती कोणीतरी त्यांच्या मनात घालून ठेवलेली असते. ती भीती खोटी आहे. म्हणून आज आम्ही तो धडाच घ्यायचे ठरवले आहे.

हृदय, यकृत हे जसे अवयव, तशीच त्वचा हाही एक अवयव आहे. मोठ्या माणसाची त्वचा पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरेल. तिचे मुख्य थर दोन. वरची बाह्यत्वचा, खालची अंतस्त्वचा. आणि त्याखाली चरबी. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, वाटेत मरतात आणि सुमारे चार आठवड्यांनी गळून पडतात. म्हणजे ग्राहक बाईच्या गालावर तुम्ही हात फिरवता तो मेलेल्या पेशींच्या थरावरून फिरतो. स्क्रबने निघतात त्या याच. पण रोज रोज घासले तर खालच्या कोवळ्या पेशी उघड्या पडतात आणि चेहऱ्याची आग होते. पापणीवरची बाह्यत्वचा तर मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग असते. डोळ्यांजवळ ब्लीच का लावायचे नाही, हे आता वेगळे पाठ करण्याची गरज उरू नये.

आता रंगाकडे येऊ. बाह्यत्वचेच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात. सावळ्या माणसात या पेशी जास्त आणि गोऱ्यात कमी, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. सगळ्या माणसांत त्यांची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो मेलॅनिनच्या कणांचे प्रमाण, आकार आणि प्रकार यांत. हे कण शेजारच्या पेशींत जाऊन त्यांच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरतात आणि उन्हातील अतिनील किरण अडवतात. ज्या रंगावरून आपल्या मुलींना नावे ठेवली जातात, पाहुणे पाहून परत जातात, तो रंग म्हणजे उन्हापासूनचे संरक्षण आहे. हे एवढे एक वाक्य जरी प्रत्येक पार्लरवाल्या मुलीच्या तोंडी बसले तरी खूप झाले.

कारण खरी परीक्षा तिथेच होते. "लग्नाला पंधरा दिवस राहिलेत, पोरगी उजळ करून द्या," असे सांगत आई मुलीला घेऊन येते. त्वचेचा थर बदलायलाच चार आठवडे लागतात, मग आठ दिवसांत चेहरा पांढरा पडतो कसा? ब्लीचने मुख्यतः चेहऱ्यावरची लव फिकी होते, त्वचेचा मूळ रंग काही बदलत नाही. झटपट गोरे करणाऱ्या डबीत मात्र अनेकदा स्टेरॉइड असते, नाहीतर पारा.

स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा आधी उजळ दिसतो आणि बाई खूश होते. पुढे काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे येतात, लव वाढते. क्रीम बंद केले की चेहरा लाल होऊन पेटतो, म्हणून ती पुन्हा लावते. या फेऱ्यातून सुटायला त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे लागते. अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा आदेश केंद्र सरकारने २०१८ साली काढला आहे.

पारा याहून वाईट. तो मेलॅनिन तयार होऊ देत नाही, आणि त्वचेतून रक्तात व रक्तातून मूत्रपिंडात उतरतो. २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत बातमी आली होती. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींची मूत्रपिंडे बिघडली, मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा त्या लावत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला. ते क्रीम पार्लरमधून घेतलेले होते.

ज्या डबीवर कंपनीचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, घटक छापलेले नाहीत, ती उघडू नका. मालकीणबाईला नाही म्हणणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. पण चेहरा बिघडला की बोट दाखवले जाते ते क्रीम लावणाऱ्या पोरीकडेच. शिवाय यांतल्या कितीतरी मुली ते क्रीम स्वतःही लावतात. (२०२० साली फेअर अँड लव्हलीच्या नावातून ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आले. आपल्या घरातल्या बोलण्यातून गोरी-काळी कधी जाणार?)

बाकीचे थोडक्यात. वाफेने त्वचेची छिद्रे उघडतात आणि बर्फाने मिटतात, हे क्लासमध्ये ठासून सांगतात. पण छिद्रांना उघडमीट करणारे स्नायूच नसतात. वाफेने तेल मऊ होते, इतकेच. केस कापल्याने जाड होत नाहीत, कारण वाढ त्वचेखाली मुळाशी होते. नखाच्या मुळाशी असलेली कातडी ही दारावरच्या खिळीसारखी आहे, ती कापली की जंतूंना वाट मिळते.

मानेबद्दल मात्र अधिक सांगितले पाहिजे. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी छिद्रे असतात आणि त्यांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर जातात. केस धुताना बेसिनच्या कडेवर मान खूप मागे लटकली तर या धमन्यांवर ताण येतो. पार्लरमध्ये केस धुतल्यानंतर पक्षाघाताची लक्षणे दिसलेल्या पाच स्त्रियांची नोंद १९९३ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात आली होती. असे क्वचितच घडते. तरीही मानेखाली टॉवेलची जाड घडी ठेवा, मान फार मागे झुकवू नका, धुणे लवकर आटपा आणि मधूनमधून विचारा, "ताई, बरे वाटते ना?" चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलताना जीभ अडखळणे किंवा एका हाताची शक्ती गेल्यासारखे होणे, यांतले काहीही दिसले तर काम तिथेच थांबवा आणि तिला ताबडतोब दवाखान्यात न्या. "घरी जाऊन पडा, बरे वाटेल," असे सांगून पाठवू नका.