न दिसणाऱ्या खर्चाचा धनी कोण?

सोयाबीनचे पैसे हाती आलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात त्या रात्री जो हिशेब होतो, तो अर्थशास्त्राच्या पदवीधरांनी ऐकण्यासारखा असतो. खतबियाण्याच्या दुकानाची उधारी, सोसायटीचा हप्ता, मुलाची तालुक्याच्या कॉलेजातील फी, म्हातारीच्या डोळ्याचे ऑपरेशन, मुलीचे ठरत आलेले लग्न. पैसा एक आणि वाटा पाच. एका वाटेला तो लागला की बाकीच्या चार अडतात, हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अर्थशास्त्रज्ञ यालाच संधी-खर्च म्हणतात. एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी मोजलेले रुपये नव्हेत. त्या रुपयांत जे करता आले असते आणि करावयाचे राहून गेले, ती तिची किंमत. ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ फॉन वीझर यांच्या नावाशी ही कल्पना जोडली जाते. त्यांच्याही आधी, १८५० साली, फ्रेडरिक बास्तिया या फ्रेंच लेखकाने 'जे दिसते' आणि 'जे दिसत नाही' असा भेद करून तीच मांडली होती. बास्तिया समाजवादाचा कट्टर विरोधक होता. पण हत्यार चांगले असेल तर ते कोणाच्या भात्यातून आले याची फार चौकशी करू नये.

पाठ्यपुस्तके मात्र एक प्रश्न टाळतात : जे सोडून दिले, ते कोणाचे? त्या शेतकऱ्याच्या घरात लग्न सहसा पुढे ढकलले जात नाही, कारण त्यात चारचौघांतील प्रतिष्ठा गुंतलेली असते. फी कशीबशी भरली जाते. पुढच्या हंगामावर टाकले जाते ते म्हातारीचे ऑपरेशन, कारण ती स्वतःच म्हणते, "राहू दे रं, मला आता काय वाचायचंय?" जो बोलत नाही त्याच्या वाट्याला त्याग येतो. सुखवस्तू घरात दुसरी मोटार घेतल्याने ताटातली भाकरी कमी होत नाही, म्हणून तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. निवडीचे ओझे गरिबाच्या खांद्यावर अधिक असते आणि गरिबांतही जो दुबळा, त्याच्यावर सर्वांत अधिक.

राज्याच्या तिजोरीचे याहून निराळे नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे नेमके हेच मांडले. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून गोळा होतो आणि तो उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो, मग रयतेच्या पोरांच्या प्राथमिक शाळांचे काय? संधी-खर्च हा शब्द त्यांनी वापरला नाही; त्याची त्यांना गरजही नव्हती.

महाराष्ट्राने हा हिशेब एकदा प्रामाणिकपणे मांडला होता, हेही सांगितले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीची कल्पना रुजली, तेव्हा पैसा कोठून आणावयाचा हे लपवून ठेवले गेले नाही. १९७५ साली व्यवसाय कर आला आणि शहरातील पगारदाराच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जाऊ लागले. १९७७ च्या हमी कायद्याची अंमलबजावणी २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाली. नागरी मध्यमवर्गाने कुरकुर केली, पण आपण काय सोडतो आणि ते कोणाकडे जाते हे त्याला ठाऊक होते. आज तो कर कापला जातोच. तो कशासाठी सुरू झाला, हे मात्र कापणाऱ्याला ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही.

आता अलीकडचे उदाहरण घ्यावे. जुलै २०२४ पासून राज्यात 'लाडकी बहीण' योजना लागू झाली. अडीच लाखांच्या आतील वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबातील स्त्रीला दरमहा १,५०० रुपये आणि वर्षाला सुमारे ४६,००० कोटींचा अंदाज. या पैशाला 'फुकटेपणा' म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी ती म्हातारी आठवावी. स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात पडलेला पैसा औषधाला जातो, वह्या-पुस्तकांना जातो, एखादी शेळी आणतो. घरातील त्यागाची विषम वाटणी त्याने थोडीतरी बदलते. तेव्हा विरोध असलाच तर तो योजनेला नसावा. प्रश्न हा, की तिच्यासाठी काय सोडले गेले आणि ते कोणाचे?

उत्तर २०२५ च्या मे महिन्यात मिळाले. एका हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी, म्हणजे एकूण ७४६ कोटी रुपये या योजनेकडे वळविण्यात आले. लाभार्थींमध्ये दलित-आदिवासी भगिनी आहेतच, तेव्हा त्यांचा पैसा त्यांच्यावरच खर्च झाला, असे समर्थन पुढे आले. ते वरवर बिनतोड वाटते. परंतु आदिवासी उपयोजना पाचव्या पंचवार्षिक योजनेत आणि अनुसूचित जातींसाठीची विशेष घटक योजना १९७९-८० च्या सुमारास आखली गेली, ती सर्वसाधारण योजनांच्या वाट्याला पर्याय म्हणून नव्हे. शतकांची दरी भरून काढण्यासाठी त्या वाट्याच्या जोडीला म्हणून. आता इतर बहिणींना ओवाळणी मिळते सर्वसाधारण तिजोरीतून, आणि आदिवासी बहिणीला मिळते ती तिच्याच मुलाच्या वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी राखलेल्या रकमेतून. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले, आणि पावती मात्र एकाच हाताची फाडली.

पैसाच नव्हता, असे म्हणावे तर त्याच वर्षी जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने शक्तिपीठ महामार्गाला मंजुरी दिली. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, अंदाजित खर्च ८६,३०० कोटी. पैकी भूसंपादनादी प्रारंभिक कामांसाठी २०,७८७ कोटी. किलोमीटरला शंभर कोटींहून अधिक! वळविलेले ७४६ कोटी म्हणजे या रस्त्याचे सुमारे सात किलोमीटर. रस्ता तेवढ्याने आखूड करावा असे मंत्रिमंडळात कोणाच्या मनात आल्याचे ऐकिवात नाही. वसतिगृहे मात्र चटकन मनात आली. कोल्हापूर-सांगलीच्या बागायतदारांनी या महामार्गाविरुद्ध मोर्चे काढले, तेव्हा त्यांना भरपाईचे आकडे ऐकविण्यात आले. त्या आकड्यांत जमिनीची किंमत होती; त्या जमिनीवर राबणाऱ्या शेतमजुराच्या बुडणाऱ्या मजुरीचा रकाना कोठे होता?

उपयोजनांचा निधी इतरत्र वळविण्यास बंदी घालणारे कायदे आंध्र प्रदेश व कर्नाटकाने २०१३ साली केले. महाराष्ट्रात तशी मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे. कायद्याने सारे साधेल असे नव्हे. कर्नाटकातच २०२३ नंतर हा पैसा 'हमी' योजनांकडे नेला गेला व त्यावरून गदारोळ झाला. पण गदारोळ झाला तो कायदा होता म्हणून. मुंबईत तेवढेही घडत नाही. पुरवणी मागण्यांच्या गठ्ठ्यात विभागाचे नाव आणि रक्कम असते. ती रक्कम ज्या कामावरून उचलली, त्या कामाचे नाव, गाव आणि त्यावर अवलंबून असलेल्या मुलांची संख्या त्याच पानावर छापण्यास विधिमंडळाने सरकारला भाग पाडावे. त्याला फारसा खर्च येणार नाही.