व्यापारावर परिणाम झाला नाही, म्हणे!

अमेरिकेबरोबरचा मध्य अमेरिकी व्यापार करार ग्वाटेमालाने २००६ साली लागू केला. कामगार कायद्यांच्या अंमलबजावणीचे वचन त्यात होते. तरी संघटना केली म्हणून काढलेल्यांना परत घेण्याचे न्यायालयीन आदेश पाळले जात नव्हते. २००८ मध्ये दोन्ही देशांतील कामगार संघटनांनी अमेरिकन सरकारकडे तक्रार केली. लवादाचा निकाल लागला २०१७ मध्ये! आठ ठिकाणच्या ७४ कामगारांबाबत सरकारने कायदा राबविला नाही, हे लवादाने मान्य केले. आणि तरीही ग्वाटेमालाने करार मोडलेला नाही, असा निर्वाळा दिला. कारण, ही हयगय सातत्याची व व्यापारावर परिणाम करणारी होती, हे सिद्ध झाले नाही.

म्हणजे कामगाराची भाकरी गेली एवढे पुरेसे नाही; ती गेल्याने मालाच्या स्पर्धेत फरक पडला पाहिजे! आणि तेही त्याच्या वतीने परक्या सरकारने सिद्ध करावयाचे. त्याच करारान्वये परकीय गुंतवणूकदार मात्र सरकारला स्वतःच लवादापुढे खेचू शकतो.

१९९६ च्या सिंगापूर परिषदेत भारत सरकारने अशा कलमांना विरोध केला, तो श्रीमंत राष्ट्रांच्या संरक्षणवादाच्या शंकेने. शंका खोटी नव्हे. येथेही तक्रारीचा दोर वॉशिंग्टनच्याच हाती होता. पण म्हणून कलमेच गाळावयाची काय? व्यापारावरील परिणामाची अट काढा, आणि गुंतवणूकदाराला दिलेला थेट दाद मागण्याचा हक्क कामगार संघटनेलाही द्या.