कुत्र्याला घेऊन कॅम्पर व्हॅननं कोकणातले जलदुर्ग बघायचेत? अडचण किल्ल्याच्या दारातच आहे

११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले चार थेट समुद्राशी नातं सांगणारे आहेत. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. अलिबागपासून मालवणपर्यंत किनारा धरून गेलं की हे चारही वाटेत येतात. मधे कुलाबा, जंजिरा, जयगड, रत्नदुर्ग आहेतच.

आता यात कॅम्पर व्हॅन आणून बघा. मागे गादी, बाजूला गॅसची शेगडी आणि खिडकीतून तोंड बाहेर काढून बसलेला तुमचा कुत्रा. रीलमध्ये हे फार भारी दिसतं. पण प्लॅन करायला बसलात, तर पहिली अडचण ना रस्त्याची आहे, ना पैशांची. ती १९५९ सालच्या एका नियमाची आहे.

केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांसाठी १९५९ ची नियमावली आहे. तिच्या आठव्या नियमात स्मारकात काय करायचं नाही याची यादी दिलीय. परवानगीच्या जागेशिवाय स्वयंपाक करायचा नाही, खायचं नाही आणि स्मारकाच्या देखभालीचं काम सोडून इतर कुठल्याही कारणासाठी प्राणी आत आणायचा नाही. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, कुलाबा आणि जंजिरा ही सगळी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडची स्मारकं आहेत. म्हणजे पट्टा कितीही घट्ट धरला, कुत्रा कितीही शहाणा असला, तरी कागदावर त्याला प्रवेश नाही. (गडावरची भटकी कुत्री मात्र तुमचं स्वागत करायला दारातच असतील. त्यांना कुणी ‘आणलेलं’ नसतं!) खांदेरी राज्य सरकारच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे तिथली चौकशी वेगळी करावी लागेल.

मग तुम्ही किल्ल्यात असताना कुत्रा कुठे थांबणार? ट्रिपचा अख्खा प्लॅन या एका प्रश्नावर उभा आहे.

बहुतेकांचं उत्तर तयार असतं, “गाडीत राहील की, एसी लावून.” हे उत्तर सगळ्यात धोक्याचं आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो आणि कोकणातल्या दमट हवेत ते नीट जमत नाही. बंद गाडी उन्हात काही मिनिटांत तापते. एसी चालू ठेवायचा तर इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवावा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसांचे मृतदेह सापडले होते. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत साचला होता. या वायूला ना रंग, ना वास. माणसांना कळलं नाही, तिथे कुत्रा काय करणार? आणि कायद्याचा धाक म्हणाल, तर प्राण्यांना क्रूरतेनं वागवल्याबद्दल १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये.

यावर खरा उपाय म्हणजे वीज, पाणी आणि सावली असलेली हक्काची पार्किंगची जागा. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. पण धोरणात पार्क आहे म्हणून मालवणात पोचल्यावर प्लग मिळेलच असं धरून चालू नका. त्यापेक्षा जुनी पद्धत बरी. ज्या होमस्टेला मोठं अंगण आहे, तिथे आधी फोन करायचा, गाडी आणि कुत्रा दोन्ही सांगायचे, विजेचे पैसे वेगळे ठरवायचे. मग दोघं किल्ल्यावर, एक जण कुत्र्याजवळ माडाखाली आणि नंतर अदलाबदल. वेळ दुप्पट लागतो. म्हणून दिवसाला एकच किल्ला धरा.

या हिशोबात विजयदुर्ग सोपा, कारण गाडी किल्ल्याजवळ जाते. सिंधुदुर्ग आणि सुवर्णदुर्गाला होडीनं जावं लागतं. पावसाळ्यात मालवणच्या होड्या बंद असतात. अलिबागचा कुलाबा ओहोटीला चालत गाठता येतो, पण भरतीची वेळ विचारूनच निघा. खाड्या ओलांडायला दिघी-आगरदांडा, वेसवी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा जंगलजेट्टी आहेत. व्हॅनची लांबी-उंची सांगून आधी खात्री करून घ्या.

किनाऱ्यावर तरी कुत्र्याला मोकळं सोडता येईल ना? हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, जरा थांबा. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीनं हे काम उभं केलं. पहाटे कार्यकर्ते वाळूतला माग काढतात, अंडी उचलून कुंपणातल्या हॅचरीत ठेवतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं समुद्रात सोडतात. या घरट्यांच्या शत्रूंमध्ये कोल्ह्यांसोबत कुत्री आहेत. घरट्याचा वास लागला की तुमचा लाडका लॅब्रॅडोरही तेच करणार, जे गावातलं कुत्रं करतं. हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे संरक्षण वाघाच्या तोडीचं. रात्री आणि पहाटे पट्टा सोडायचाच नाही. व्हॅन वाळूत उतरवू नका, दिव्यांचा झोतही समुद्राकडे नको. प्रकाशानं पिल्लांची दिशा चुकते.

तेरेखोल ओलांडून गोव्यात जाणार असाल, तर शेगडी आतच ठेवा. उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्या पर्यटकांवर तिथल्या सरकारनं २०२२ मध्ये दंड लावलाय. दोडामार्गच्या जंगलातून येणार असाल तर कुत्र्याच्या कानामागे आणि बोटांमध्ये गोचीड तपासा. त्या भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेत आणि तो गोचिडीतून पसरतो. रेबीजच्या लसीचं कार्ड गाडीत ठेवाच.

स्वतःची गाडी कॅम्पर करून घेणार असाल, तर आरटीओच्या मंजुरीशिवाय रचना बदलू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली ते चालत नाही आणि अपघात झाला तर विम्याचा वाद वेगळाच. पहिल्या वेळी भाड्यानं घेतलेली बरी. फक्त मालकाला कुत्रा चालतो का, ते पैसे भरायच्या आधी विचारा.