पोरांची पाण्यातली सहल : निघण्याआधी आणि परतल्यावर



भाताची झोडणी उरकली, चार पैसे हाताशी आले, की घरातली पोरे एकच धोशा लावतात, ‘आम्हाला पाण्याच्या बागेत न्या.’ वर्गातले कोणीतरी जाऊन आलेले असते आणि त्याने फोटो दाखवून बाकीच्यांची झोप उडवलेली असते. पूर्वी आपल्या मावळात पोरांची सहल म्हणजे कार्ल्याच्या एकवीरेची चैत्रातली यात्रा. पाळण्यात एक फेरी, हातात रेवड्यांचा पुडा, झाली सहल. आता लोणावळ्याजवळच ‘वेट एन जॉय’ची पाण्याची बाग आहे आणि घाट उतरून खोपोली-पाली रस्त्याला लागले की २०१३ साली सुरू झालेली ‘इमॅजिका’ आहे. पोरांना ही नावे बाराखडीइतकी पाठ असतात.

न्यावे की नाही, असे बरेच जण विचारतात. माझे मत, न्यावे. वर्षभर ही पोरे गुरांमागे जातात, रोपे वाहून देतात, राखणीला बसतात. एक दिवस त्यांचा असू द्यावा. मात्र मोठ्या बागेत एका मोठ्या माणसाचे तिकीट डीएपीच्या गोणीच्या आसपास जाते, तेव्हा बियाणे निवडताना जेवढी चौकशी आपण करतो तेवढी इथेही करावी.

पहिले काम घरीच करायचे. दाराच्या चौकटीला पोराला उभे करून टेपने उंची मोजा आणि कागदावर लिहा. अशा बागांत पुष्कळदा तिकीट वयावर नसते, उंचीवर असते. मोठे पाळणे आणि उंच घसरगुंड्या यांनाही उंचीची अट असते, आणि ती मोडून आत सोडा म्हणून कर्मचाऱ्याशी हुज्जत घालू नये. अंग लहान असले की कमरेची अडणी नीट बसत नाही, मूल तिच्यातून निसटते. ज्याची उंची बसत नाही त्याला हे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, नाहीतर थोरला वर चढतो आणि धाकटा खाली रडत बसतो. तीन-चार वर्षांच्या पोराला उथळ हौद आणि बारक्या कारंज्यांतच खरा आनंद असतो. त्याच्यासाठी लांबची, महागडी बाग गाठण्याची गरज नाही.

दिवस कोणता धरावा? शनिवार-रविवार आणि सणाची सुट्टी टाळावी. त्या दिवशी पुण्या-मुंबईची सगळी गर्दी लोणावळ्यात उतरते आणि घाटात गाड्या तासन्‌तास अडकतात. दिवाळीची सुट्टी आपल्याला कापणीमुळे सापडत नाही, आणि जूनपासून रोपे, चिखलणी, लावणी. म्हणून मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातला मधला वार सगळ्यांत सोयीचा. शाळेला सुट्टी, रान मोकळे आणि पाणी हवेहवेसे. पुण्याकडून येणाऱ्यांनी लोकलने यावे. पोरांना आगगाडीचेही अप्रूप असते. तिकिटे आधी मोबाईलवरून काढली तर पुष्कळदा स्वस्त पडतात. घरात कॉलेजात जाणारे कोणी असेल, त्याच्याकडे हे काम द्यावे.

कपड्यांचे आपल्या बायामाणसांना ठाऊक नसते म्हणून सांगतो. सुती साडी, सुती सलवार किंवा जीन घालून पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनसारखे आखूड कपडे लागतात. ते तिथे भाड्याने मिळतात, पण अनामत रक्कम मागतात. घरून नेलेले बरे. बाहेरचे जेवण बहुधा आत नेऊ देत नाहीत. म्हणून निघताना भाकरी-पिठले पोटभर खाऊन निघावे, आणि तान्ह्याचे खाणे वेगळे बांधून घ्यावे, त्याला सहसा अडवत नाहीत. आजी बरोबर असेल तर तिला सावलीत बसवून पिशव्या सोपवाव्यात, आणि चुकामूक झाली तर सगळ्यांनी तिच्याचपाशी यायचे असे ठरवून टाकावे.

पाण्यात गेल्यावर एकच पथ्य. लहान मूल आपल्या हाताच्या अंतरावर हवे. शिट्टी घेऊन उभा असलेला रक्षक शंभर जणांवर नजर ठेवून असतो, तो आपल्या पोराचा सांभाळ करायला ठेवलेला नसतो. बुडणारे मूल हाका मारत नाही, हातपाय आपटत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला येते, मान मागे पडते आणि ते मुकाट खाली जाते. हवा भरलेले रंगीत कडे म्हणजे खेळणे, त्याच्या भरवशावर राहू नये. ओठ निळसर दिसले, अंग कापू लागले की मुलाला बाहेर काढून कोरडे करावे, मग ते कितीही हट्ट करो.

पावसाळ्यात गेलात तर परतीच्या वाटेवर ‘फुकटचा धबधबा’ बघायला थांबू नये. भुशी धरण ब्रिटिश काळात रेल्वेने इंजिनांच्या पाण्यासाठी बांधले, आज लोक त्याच्या पायऱ्यांवर भिजायला जातात. ३० जून २०२४ रोजी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत चार मुले होती. ओढ्याच्या मधोमध खडकावर ते उभे होते आणि पाणी बघता बघता वाढले. आपण शेतकरी माणसे, पाऊस डोंगरावर पडतो आणि लोंढा नंतर आपल्या बांधावर येतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण सहलीच्या भरात आपणही ते विसरतो.

आता ज्यासाठी मुख्यतः आज लिहायला बसलो ते. बागेत दिवसभर पोर काय शिकते? निळ्या गुळगुळीत उतारावर बसायचे, हात सोडायचे, पाण्यात पडायचे, आणि कोणीतरी आपल्याला बाहेर काढते. दुसऱ्या दिवशी ते आपल्या मळ्यात येते आणि तिथे तसाच गुळगुळीत उतार त्याच्या समोर असतो. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले शेततळे!

२०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हापासून राज्यात गावोगाव शेततळी झाली. मावळातल्या गुलाबाच्या, जरबेऱ्याच्या हरितगृहांशेजारीही छपरावरचे पाणी साठवायला अशी तळी आहेत. तळे चांगलेच आहे, त्याने उन्हाळा निभावतो. पण त्याची घडण ध्यानात घ्या. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद अशा तळ्याची खोली तीन मीटर, म्हणजे जवळजवळ दहा फूट. बाजूचा उतार एकास एक किंवा एकास दीड. वर पाचशे मायक्रॉनचे प्लॅस्टिक, आणि पाण्याच्या रेषेला शेवाळाचा थर. विहिरीला निदान कपारी असतात, ओढ्याला खडक असतो. इथे हाताला धरायला काहीच नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही, पाय टेकला की घसरतो, आणि दोन-चार प्रयत्नांत दमतो. म्हणूनच एकाला वाचवायला दुसरा उडी घेतो आणि दोघेही जातात.

तेव्हा बागेची तिकिटे काढण्याआधी तळ्याकडे एक फेरी मारा. चारी बाजूंनी तारेचे कुंपण हवे, पोर खालून सरपटणार नाही इतके जमिनीलगत. फाटकाला कुलूप, आणि किल्ली पोरांचा हात पोहोचणार नाही अशा खुंटीला. काठावर चारी बाजूंना एकेक मजबूत खांब रोवून त्याला जाड नायलॉनचा दोर बांधावा. दोराला हात-हात अंतरावर गाठी मारून तो उतारावरून थेट तळापर्यंत सोडावा. प्रत्येक बाजूला एक दोर हवाच, कारण दमलेला माणूस समोरच्या काठापर्यंत पोहत जाऊ शकत नाही. शिवाय ट्रॅक्टरच्या चाकाची एक जुनी ट्यूब, हवा भरून आणि दोर बांधून, कुंपणाला टांगून ठेवावी. जुना दोर आणि ट्यूब बहुधा घरातच सापडतात.

दोर उन्हाने कुजतो. दर उन्हाळ्यात तो ओढून बघावा, झिजला असेल तर बदलावा. मोटार चालू करायला जाताना धाकट्याला काखेत घेऊन काठावर जाण्याची सवय पुष्कळ घरांत आहे, ती मोडावी.

आणि पोराला सोबत नेऊन तळे दाखवावे. नुसते ‘जायचे नाही’ म्हटल्याने ते थांबत नाही. कुंपणाबाहेर उभे राहून प्लॅस्टिकवर पाण्याने भरलेली बाटली सोडा, ती कशी घसरत जाते आणि परत येत नाही ते त्याला बघू द्या. कोणी पडले तर आपण उडी मारायची नाही, ट्यूब फेकायची आणि ओरडत सुटायचे, हे त्याच्याकडून दोनदा करवून घ्या.

एवढे करूनही प्रसंग आलाच, तर बाहेर काढलेल्या मुलाला उलटे टांगणे, पोट दाबणे, गरगर फिरवणे यात वेळ दवडू नये. ते श्वास घेत नसेल तर टणक जागेवर उताणे निजवावे, हनुवटी किंचित वर करावी, नाक दाबून तोंडाने पाच वेळा श्वास भरावा. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध तीस वेळा झटझट दाबावे, दोन श्वास द्यावेत, पुन्हा तीस दाब. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावावा. गाडी येईपर्यंत थांबू नये. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे हाताने करून दाखवायला सांगा. महिला मंडळाची पुढची बैठक त्यासाठीच ठेवली तरी चालेल, आणि बैठकीला गावातल्या तळेवाल्या सगळ्या घरांना निरोप धाडा.