पट्टा चालतो तासांवर

इन्स्टावर एकदा ‘स्कोलिओसिस’ सर्च केलं की पुढचे चार दिवस फीडमध्ये दुसरं काही येत नाही. एका रीलमध्ये कुणीतरी पाठीवर दाब देऊन ‘कट्ट’ असा आवाज काढतो आणि म्हणे पाठ सरळ! दुसऱ्यात एकवीस दिवसांचं योगा चॅलेंज. तिसऱ्यात एक इलॅस्टिकचा पट्टा, कॅश ऑन डिलिव्हरी. सगळ्यांचं प्रॉमिस एकच : ऑपरेशनशिवाय कणा सरळ. आता ऑपरेशनशिवाय इलाज असतो, हे काही खोटं नाही. पण तो किती कंटाळवाणा असतो आणि कोणत्या वयात करायचा असतो, हे यातलं कुणीच सांगत नाही. माझा राग त्याच्यावर आहे.

स्कोलिओसिस म्हणजे पाठीचा कणा कडेला वाकणं, आणि वाकताना मणके थोडे पिळलेही जाणं. एक्स-रेमध्ये सरळ रेघेऐवजी इंग्रजी ‘सी’ किंवा ‘एस’ दिसतो. हा बाक १० अंश किंवा त्याहून जास्त असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. वाढत्या वयातल्या शंभर मुलांमागे दोन-तीन जणांना तो असतो. मुलींमध्ये तो वाढत जाण्याचं प्रमाण बरंच जास्त. बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. दप्तराचं ओझं, वाकून मोबाइल बघणं, ‘नीट बस म्हणून हजारदा सांगितलं होतं’ यातलं काहीही त्यामागे नसतं. घरच्यांनी हे आधी ऐकावं, कारण अशा पोरीला मिळणारी पहिली ट्रीटमेंट म्हणजे बोलणी. (आणि बाक पहिल्यांदा लक्षात येतो तोही कित्येकदा शिंपीकाकांच्या! कुर्त्याचं माप घेताना त्यांना एक खांदा खाली दिसतो, आईला नाही.)

ढोबळमानाने २५ ते ४० अंशांचा बाक असेल आणि हाडं अजून वाढत असतील तर डॉक्टर ब्रेस देतात. हा ब्रेस म्हणजे कंबरदुखीचा मऊ पट्टा नव्हे. धडाच्या मापाने बनवलेला तो कडक प्लॅस्टिकचा साचा असतो. तो कणा कायमचा सरळ करून देत नाही. मूल वाढत असताना बाक आणखी वाढू नये म्हणून तो कण्याला धरून ठेवतो. काम तेवढंच, पण मोठं. कारण बाक ५० अंशांच्या आसपास गेला की वाढ थांबल्यावरही तो सरकत राहण्याची भीती असते आणि मग ऑपरेशनची गोष्ट निघते.

ब्रेसने खरंच फरक पडतो का, यावर डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं वाद होता. अमेरिका आणि कॅनडातल्या २५ केंद्रांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. वाढ पूर्ण होईपर्यंत बाक ५० अंशांच्या आत राहिला, अशी मुलं ब्रेसवाल्यांमध्ये ७२ टक्के आणि नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्यांमध्ये ४८ टक्के होती. फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास ठरल्याआधीच थांबवला. त्या ४८ टक्क्यांचा अर्थही बघा : जवळजवळ निम्म्यांचं ब्रेसशिवायही निभावलं. त्यामुळे बाक दिसला की लगेच घाबरायचं कारण नाही.

मला त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो सेन्सरचा. ब्रेसमध्ये तापमान मोजणारा छोटा सेन्सर बसवला होता, त्यामुळे कोण खरंच किती तास घालतंय ते कळत होतं. घालायला सांगितलं होतं दिवसाला किमान १८ तास. ज्यांनी सरासरी १३ तासांच्या वर घातला, त्यांच्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना यश आलं. सहा तासांपर्यंतच घालणाऱ्यांचं आणि अजिबात न घालणाऱ्यांचं साधारण सारखंच.

आता जरा हिशेब करा. रात्रीची झोप आठ तास. उरलेले पाच तास कुठून आणणार? शाळा, क्लास, बस किंवा लोकल वजा केली तर घरात जागेपणी किती वेळ मिळतो? म्हणजे ब्रेस चारचौघांत घालावाच लागतो. आणि घोडं तिथेच अडतं. आई म्हणते, बाहेर नको घालूस, लोक विचारतील. आजीला आत्तापासून लग्नाची काळजी. वर्गात कुणीतरी पाठीवर टकटक करून ‘रोबो’ म्हणतं. ऑक्टोबर हीटमध्ये घामाने अंग चिकचिकत असतं, ते वेगळंच. मग ब्रेस राहतो कपाटात आणि दोन वर्षांनी सगळे म्हणतात, ब्रेसचा काही उपयोग झाला नाही. मला विचाराल तर अशा वेळी ब्रेस नापास झालेला नसतो, आजूबाजूची माणसं झालेली असतात. अमेरिकेचा टेनिसपटू जेम्स ब्लेक टीनएजमध्ये रोज १८ तास ब्रेस घालायचा. पुढे तो जगात चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. टेनिस खेळताना मात्र तो ब्रेस काढून ठेवत असे, आणि खेळासाठी तेवढी सूट डॉक्टर सहसा देतातच.

व्यायामाची गोष्ट थोडी वेगळी आहे. जर्मनीत १८९४ मध्ये जन्मलेल्या काथारिना श्रोथ यांना स्वतःलाच स्कोलिओसिस होता. आरशासमोर उभं राहून, फुगा फुगवावा तसा दबलेल्या बाजूत श्वास भरून त्यांनी स्वतःवर प्रयोग केले आणि १९२१ मध्ये माइसेन गावात उपचार सुरू केले. हे व्यायाम आपल्याकडेही काही फिजिओथेरपिस्ट शिकवतात. कॅनडात ५० मुलांवर झालेल्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांना सहा महिने या व्यायामांची जोड दिल्यावर बाकात काही अंशांचा फरक दिसला. काही अंशांचाच, हे लक्षात ठेवा. प्रत्येकाचा बाक वेगळा, त्यामुळे व्यायामही वेगळे. यूट्यूबवर बघून दुसऱ्याच्या बाकाचे व्यायाम करण्यात अर्थ नाही.

आणि तुम्ही एकोणीस-वीस वर्षांचे असाल तर? वाढ थांबलेली असते, त्यामुळे बाक रोखण्यासाठी दिला जाणारा ब्रेस या वयात सहसा देत नाहीत. पाठीचे आणि पोटाचे स्नायू मजबूत ठेवले तर दुखणं आटोक्यात राहू शकतं. उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे. मात्र बाक मोठा असेल आणि डॉक्टर ऑपरेशन सुचवत असतील, तर रील बघून ते टाळू नका. हवं तर दुसऱ्या स्पाइन सर्जनचं मत घ्या.

सातवी-आठवीतली बहीण किंवा भाऊ घरात असेल तर आज एक गोष्ट करता येईल. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून तिला ओणवं व्हायला सांगा, हात खाली लोंबू द्या. मागून बघा. बरगड्यांची एक बाजू वर उचललेली दिसली तर हाडांच्या डॉक्टरकडे न्या. एक्स-रे काढला तर बाक किती अंश आहे आणि वाढ किती बाकी आहे, हे दोन आकडे विचारून लिहून ठेवा. ब्रेस लागलाच, तर आत घालायला शिवण नसलेले सुती बनियन लागतील आणि वरून एक साइज मोठे टी-शर्ट. ते तुमच्याच कपाटात निघतील.