जीबीएसमधून लोक सावरतात, मग मेंदूतलं मायलिन नीट भरून का येत नाही?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचा उद्रेक झाला. पाठोपाठ सातारा-सांगलीतूनही संशयित रुग्णांच्या बातम्या आल्या. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर, अनेकदा त्यांच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. वायरवरचं प्लॅस्टिक सोललं जावं, तसं. तरी बहुतेक रुग्ण हळूहळू सावरतात, कारण हातापायांच्या नसांमधल्या श्वान पेशी हे आवरण पुन्हा चढवू शकतात.

मेंदूचं तसं नाही. तिथे हे काम ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींकडे असतं. एकच पेशी अनेक तंतूंना, कधी ५० पर्यंत, वेटोळे घालते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये हेच आवरण जातं आणि दुरुस्ती बरेचदा अर्धवट राहते.

कुठे अडतं? हे शोधायला संशोधक वाढत्या पेशीतल्या एकेका प्रथिनाला चमकणारी खूण लावून त्याचा माग काढतात. एमबीपी नावाचं प्रथिन पेशीपटलाच्या आतल्या बाजू डिंकासारख्या चिकटवतं. ते कुठवर मोकळं फिरतं आणि कुठे थबकतं, त्यावरून वेटोळं घट्ट बसतंय का ते कळतं. हजारो रेणूंची सरासरी काढली, तर फिरणारे आणि थांबलेले एकत्र मिसळतात आणि नेमकं हेच हरवतं.

जीबीएसवरचं आयव्हीआयजी महागडं असलं तरी ते फक्त हल्ला आवरतं. आवरण शरीरालाच चढवावं लागतं. मेंदूत ते पुन्हा चढवणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही.