बर्फाच्या गोळ्याचा पुरावा

थंडीचा कडाका वाढला की, ‘पृथ्वी तापते आहे म्हणतात, ती कोठे?’ हा प्रश्न निघतोच. शेकोटीपाशी तो विनोद म्हणून शोभेल. कायदेमंडळात शोभत नाही. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये ओक्लाहोमाचे प्रतिनिधी जेम्स इनहॉफ यांनी बाहेरच्या बर्फाचा गोळा आणून सभागृहात फेकला आणि तापमानवाढीच्या शास्त्राची थट्टा केली. हे गृहस्थ त्या वेळी सिनेटच्या पर्यावरण समितीचे अध्यक्ष होते, हे विशेष!

वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडला होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वॉशिंग्टन म्हणजे पृथ्वी नव्हे. अवघी अमेरिकाही भूपृष्ठाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. साऱ्या पृथ्वीचा हिशेब झाला, तेव्हा तेच २०१५ साल तोवरच्या नोंदींतील सर्वांत उष्ण ठरले! पुढे २०१६ने त्यास मागे टाकले आणि २०२४ने त्याहूनही वरची पायरी गाठली.

एका बाजारदिवशी गल्ला भरला म्हणून बुडते दुकान सावरले, असे कोणताही व्यापारी मानीत नाही. मग एका हिवाळ्यावरून हवामानाचा निकाल कसा लागावा? थंडी वाजल्यास घोंगडी जरूर पांघरावी. ती डोळ्यांवर ओढू नये. राज्यकर्त्यांनी ती ओढली, तर होरपळ शेतकऱ्याच्या वाट्याला येते, एवढेच आमचे सांगणे आहे.